रोज किती, ते शेवटी विचारायचं

प्रिय बाबा,

शाळेत पत्राचा मायना शिकवताना बाईंनी 'तीर्थरूप' लिहायला लावलं होतं, आणि मी घरी येऊन ते तुम्हाला मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं होतं. तुम्ही तेव्हा टाचांवरचं वाळलेलं सिमेंट खरवडत बसला होतात. म्हणालात, असल्या पायांचं तीर्थ कोण घेणार, आपलं साधं लिही. म्हणून साधंच लिहितेय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. चष्मा लावून, सावकाश, एकट्याने वाचा. मुकादमाकडे वाचायला देऊ नका. तो मधली वाक्यं गाळतो आणि शेवटी स्वतःच्या पदरचं काहीतरी घालतो, हे मला आईच्या आजारपणातल्या पत्रांपासून ठाऊक आहे.

फोन का नाही केला, असं म्हणाल. फोनवर आपलं बोलणं होतच नाही बाबा. तुमच्या मागे फरशी कापायचा कटर किंचाळत असतो, माझ्या मागे कुणीतरी माणूस. तुम्ही विचारता, जेवलीस का. मी हो म्हणते. मी विचारते, गुडघे कसे आहेत. तुम्ही मजेत म्हणता. दोघंही खोटं बोलतो आणि मग तुमचा माल येतो म्हणून फोन ठेवतो. मागच्या रविवारी मात्र कटर बंद होता आणि मालही आला नव्हता. माझ्या मुलाखतीनंतर लगेच बघून ठेवलेल्या त्या खोलीबद्दल तुम्ही पुन्हा बोलत राहिलात. किनाऱ्याकडच्या मोठ्या रुग्णालयापासून चालत जाण्याइतकी जवळ, दोन खिडक्या, त्यातली एक पूर्वेला. मालकिणीला तुम्ही बजावून ठेवलंत, की मुलगी डॉक्टर आहे, तिला कधीकधी दिवसा झोपावं लागतं, तेव्हा वरच्या मजल्यावर आदळआपट चालणार नाही. आणि ती म्हणाली, अहो, आधी मुलगी तर येऊ दे. हे सांगताना तुम्ही हसलात. आई गेल्यापासून तुम्हाला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. मी आपली 'बरं' म्हणाले. ते 'बरं' गेले तीन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

आज मला सुट्टी आहे. सुट्टी म्हणजे काय, काल सकाळी लागलेली ड्युटी आज सकाळी संपायची ती दुपारी संपली. पांढरा कोट भिजत घातलाय, केस धुवायचं मनात आहे पण हात वर जात नाहीत. क्वार्टरच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. तिच्यावर एक कावळा बसलाय, तोही दमलेला वाटतो. किनाऱ्याकडच्या नोकरीला होय की नाही हे मला या आठवड्याअखेर कळवायचं आहे. ते तुम्हालाही माहीत आहे, म्हणून तुम्ही खोली बघितलीत. त्याआधी तुम्हाला सगळं नीट सांगायला हवं, आणि नीट सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

तुम्हाला आठवतं का, मी लहान असताना तुमच्याकडे साइटची बोलावणी यायची. ओट्यावर बसून माणसं सांगायची, अमुक ठिकाणी दिवसाचा रोज जास्त मिळतो, तमुक ठिकाणी त्याहून जास्त. आणि तुम्ही रोज किती ते कधी आधी विचारायचाच नाहीत. राहायची सोय काय, पाणी कुठलं, आणि लादी फुटली तर भरून कोण देणार, हे तीन प्रश्न आधी. माणूस चुळबूळ करायला लागला की तुम्ही उठून हात धुवायला जायचात. नंतर मला म्हणायचात, रोज किती ते सगळ्यात शेवटी विचारायचं असतं डॉक्टरीणबाई, कारण तो आकडा एकदा कानात शिरला की बाकीचं काही ऐकू येत नाही. मी तेव्हा दुसरीत होते. डॉक्टर व्हायचं हे माझ्या डोक्यातही नव्हतं. शेजारच्यांच्या कोंबडीच्या पायाला चिंधी बांधली म्हणून तुम्ही ते नाव ठेवलंत, आणि नाव ठेवल्यावर मग मला होणं भाग पडलं.

तर या वर्षी आमच्या रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांनी ठरवलं, की वेगवेगळ्या भागांत आमच्यासारख्यांना काय मिळतं त्याची नीट तुलना करायची आणि ती मोठ्या साहेबांपुढे ठेवायची. मोठे साहेब म्हणजे आमचे अधीक्षक. हे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी बैठकीला उशिरा पोचले आणि तोवर बाकी सगळ्यांचे नकार देऊन झाले होते. मला मनापासून वाटलं होतं, की खरं काय ते समोर ठेवलं तर कुणीही समजूतदार माणूस ते मान्य करेल. तुम्ही हसाल. हसा.

माझ्याबरोबर शिकलेले दोघंच मला मोकळेपणाने सांगतील असे होते. एक लंबू, जो खाणींकडे गेलाय, आणि दुसरी मिठू, जी किनाऱ्याकडे आहे. मिठूला तुम्ही भेटलाच आहात, तिने तुम्हाला बोलायला एका शब्दाची जागा ठेवली नव्हती. दोघांनाही मी आधी पगारच विचारला. मी तुमची मुलगी असून. लंबूने आकडा सांगितला आणि आमच्या वॉर्डात सगळ्यांचे चेहरे पडले, इथल्या जवळजवळ दुप्पट. एकीने तर त्याच दिवशी तिकडे अर्ज लिहायला घेतला. मग मला तुमचे प्रश्न आठवले आणि मी ते एकेक करून विचारले. राहायची सोय? बंगला आहे म्हणाला, बाग आहे, बागेत नळ आहे. पाणी? नळाला पाणी नाही, टँकर येतो, तो आला की रुग्ण सोडून पळावं लागतं. आणि लादी फुटली तर? हे मी त्याला समजावून सांगितलं, की चुकलं तर पाठीशी कोण. मग म्हणाला, मोठा डॉक्टर फोनवर असतो, आणि फोनला आवाज येतो तो फक्त गच्चीत टाकीजवळ. म्हणजे बाळंतीण खाली आणि मी वर. शेवटी हळूच हेही म्हणाला, की पगार दुप्पट आहे खरा, पण तो येतो तेव्हा येतो, मध्ये दोन-तीन महिने नुसती वाट बघायची. इतका उंच माणूस, बाबा, पण आवाज जमिनीवरून आल्यासारखा येत होता.

मिठूकडचं मात्र वेगळं. तिकडे पगार दीडपट, वेळेवर. खोलीभाड्यात त्यातलं बरंच जातं, हे तुम्हाला आता माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पण तिकडे ड्युटी संपली की संपते. वॉर्डाचा एक फोन असतो, तो ज्याच्या खिशात त्याचा वॉर्ड. वेळ झाली की पुढचा येतो, खाट न् खाट फिरून सगळं समजून घेतो, फोन हातात घेतो आणि आधीचा घरी जातो. आमच्याकडेही असाच फोन आहे. फरक इतकाच, की आमच्याकडे तो घ्यायला बहुतेक वेळा कुणी येत नाही. आम्ही नऊ जण हवेत, चार आहोत. फोन खिशात घेऊन मी अंघोळ केली आहे, त्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. इथलं एकच बरं, चुकलं तर मागे माणूस आहे. आमचे मोठे डॉक्टर रुग्णालयाच्या मागेच राहतात. ओरडतात, अक्कल काढतात, पण पायात दोन वेगळ्या चपला घालून का होईना, धावत येतात.

मग मी रजा टाकून मुलाखतीला किनाऱ्याकडे आले. मनात चोर होता. तुलना करायला जातेय असं इथे सांगितलं होतं, आणि पिशवीत प्रमाणपत्रं होती. तुम्ही स्टेशनवर इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मला आधी ओळखूच आला नाहीत, तुम्हाला इस्त्रीत बघायची सवय नाही. मी आत मुलाखत देत होते आणि तुम्ही म्हणे सगळी पडवी टाचेने ठोकत फिरत होतात. पहारेकऱ्याने हटकलं तर त्याला सांगितलंत, तुमचं चालू द्या, मी फरशी बघतोय. मी बाहेर आले तेव्हा तुमचा चेहरा असा होता, की नोकरी तुम्हालाच मिळाली असावी. म्हणालात, एकही लादी पोकळ नाही, कोपरे गोल घेतलेत, घाण बसायला जागा नाही, काम चोख आहे, इथेच ये. पगाराचं तुम्ही विचारलंही नाहीत.

त्या फरशीवरून मी खरंच मनातल्या मनात हो म्हटलं होतं बाबा. हे तुमच्यापासून लपवणार नाही. मिठू तेव्हा ड्युटीवरून सुटून आमच्याबरोबर चहा प्यायला आली. भर दिवसा, केस धुतलेले, हातात संत्रं. कामाच्या दिवशी डॉक्टरच्या हातात संत्रं! ती सोलून खात होती, एकेक फोड, बिया मोजत बसल्यासारखी. मला तिचा राग आला नाही, मला नुसतं तिच्या शेजारी बसून राहावंसं वाटलं. आणि तुम्ही समोर बसून, मी इथे आले तर कुठल्या साइटवर काम धरायचं, ते बशीतल्या चहाला सांगत होतात. मी सहा वर्षांची असल्यापासून आपण एका छपराखाली सलग असे राहिलोच नाही. तुम्ही यायचात, पिशवीतून कुठल्या कुठल्या साइटवरच्या उरलेल्या लाद्या काढायचात आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एकेक बसवायचात. एक हिरवी, एक ठिपक्यांची, एक नुसती पांढरी. आई म्हणायची, जगाची घरं गुळगुळीत करतात आणि माझ्या घरात पाय मुरगळतो. पण कुणी आलं की तीच दाखवायची, ही अमक्या गावची, ही तमक्या गावची, हे इतके लांब होते तेव्हाची. तुम्ही कुठे कुठे होतात हे मला त्या कोपऱ्यावरून कळायचं. कोपरा पुरा व्हायच्या आत ती गेली आणि भाड्याचं घर आपण सोडलं. लाद्या तिथेच राहिल्या. त्यानंतर तुम्ही साइटवर आणि मी वसतिगृहात.

तुम्ही शिकवलेलं एक मात्र माझ्याजवळ राहिलं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षाला आम्हाला छाती ठोकून बघायला शिकवलं. एक बोट छातीवर आडवं ठेवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्यावर ठोकायचं. आत हवा आहे की पाणी साचलंय, ते आवाजावरून ओळखायचं. सगळ्या वर्गाला सगळीकडे सारखाच आवाज येत होता. मोठ्या घरची मुलं, पुस्तक तोंडपाठ, पण कान कोरे. मला पहिल्याच वेळी कळलं. सरांनी विचारलं, घरी कुणी डॉक्टर आहे का. मी म्हटलं, नाही, वडील लाद्या ठोकून बघतात. वर्ग हसला. सर हसले नाहीत. फक्त एक गोष्ट मला उलटी करून घ्यावी लागली. लादी पोकळ वाजली की वाईट, आणि छाती भरीव वाजली की वाईट.

आता बैठकीचं सांगते. तिकडून परत आल्यावर आम्ही चौघं मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब वाईट माणूस नाही. पोटात जळजळ होते म्हणून गुलाबी औषधाची बाटली टेबलावरच असते, आणि मधूनमधून ते तीच तोंडाला लावतात. मी बोलायला सुरुवात केली. खाणींकडे काय, किनाऱ्याकडे काय, इथे काय. नुसता पगार नाही, झोप किती, पाणी कुठलं, पाठीशी कोण, सगळं. मी बरी बोलत होते, माझं मलाच जाणवत होतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, बाटलीचं झाकण लावलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, की हे सगळं खरं आहे, आणि दर वर्षी कुणीतरी हुशार मुलगा किंवा मुलगी हे असंच्या असं त्यांच्यापुढे मांडते. मागच्या वर्षी एकाने तर रंगीत चित्रं काढून आणली होती. आणि जो मांडतो तो दोन महिन्यांत तिकडे निघून जातो. ज्याला तिकडचं सगळं माहीत झालं, तो इथे कशाला थांबेल? म्हणून मी आता हे वाचत नाही, म्हणाले, मी फक्त वाट बघतो. मग माझ्याकडे बघून विचारलं, तुमची मुलाखत कशी झाली?

बाकीच्या तिघांनी माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मला लाज वाटली म्हणावी तर तसंही नाही. मी काही चोरी केली नव्हती. चांगल्या जागी काम मागणं हा गुन्हा नाही, तुम्ही जन्मभर तेच केलंत आणि त्यावरच मी शिकले. पण साहेबांचं ते वाट बघणं माझ्या डोक्यात गेलं. वर्षानुवर्षं इतकं साधं चाललंय बाबा. आम्ही तुलना करतो आणि ती करता करता आमचाच पाय निघतो, आणि त्यांना काहीही करावं लागत नाही. उरलेले चार जण नऊ जणांचं काम ओढतात, त्यातला एक पुढच्या वर्षी नवी तुलना करतो. माझ्या तोंडून निघून गेलं, मुलाखत चांगली झाली, त्यांनी घेतलंय मला, पण मी जात नाही. मी इथेच थांबते. आता वाचा.

हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर बोलू शकले नसते. बाहेर आल्यावर तिघांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं, आणि सिस्टर, आमच्या वॉर्डाच्या, ज्यांनी माझ्यासारखे कितीतरी येताना-जाताना पाहिलेत, त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, पोरी, जेवून बोलत जा गं, उपाशीपोटी माणूस काहीही कबूल करतं. मी क्वार्टरवर आले, बूट न काढता आडवी झाले. जाग आली तेव्हा खिडकीतून तीच टाकी दिसली आणि मला पहिल्यांदा तुमची दोन खिडक्यांची खोली आठवली. तोवर आठवलीच नव्हती. एका वाक्यात मी नुसती तिकडची नोकरी सोडली नाही बाबा, तुमची खोली सोडली, आणि तुम्हाला विचारलंही नाही.

साहेबांनी खरंच वाचलं. पुढच्या आठवड्यात मला बोलावलं. पगाराचं त्यांच्या हातात नाही, ते वर पाठवलंय. वरून होकार येईल, नकार येईल किंवा काहीच येणार नाही, आणि तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मला तिसरंच होईल असं वाटतं. पण जे त्यांच्या हातात होतं त्यातलं थोडं त्यांनी दिलं. रात्रीची ड्युटी केली की दुसरा दिवस सुट्टीचा. आजची ही सुट्टी तशी पहिलीच, दुपारी का होईना सुरू झाली. वॉर्डाचा फोन घ्यायला कुणी आलं नाही, तर आमचे मोठे डॉक्टर स्वतः येऊन घेणार. आज दुपारी ते खरंच आले. फोन उलटा धरला होता, पण आले. आणि शेवटचं म्हणजे, आम्हाला पाठ टेकायला जागा नाही, आम्ही तपासणीच्या टेबलावर झोपतो, तर मागच्या दोन भांडारखोल्या रिकाम्या करून विश्रांतीसाठी द्यायचं ठरलंय. एवढंच. कुणाला सांगायला गेले तर फार काही मिळवलं असं वाटणार नाही. मलाही काही दिवस वाटतं आणि काही दिवस वाटत नाही. नोकरी नको म्हणून मिठूला फोनवर सांगितलं तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली, आणि मग म्हणाली, वेडी आहेस, तुझ्यासाठी संत्री पाठवू का?

मी दमलेय बाबा. मोठं काही केल्यासारखं मला वाटत नाही. तिकडे गेले असते तर तुम्ही आणि मी एका घरात असतो, मी केस धुतले असते, तुमचे गुडघे मी रोज बघितले असते. मी पाठवलेले ते गुडघ्यांना बांधायचे पट्टे तुम्ही घोड्याचं सामान म्हणून कुणाला तरी देऊन टाकलेत, हे मला फोनवर तुमच्या आवाजातच कळलं होतं. अजून पोतंच बांधता ना?

आता तुम्हाला वाटेल, मी येत नाही एवढं सांगायला एवढं लांबलचक पत्र लिहिलं. ते तर फोनवरही सांगितलं असतं, कटर चालू असताना, म्हणजे तुम्हाला नीट ऐकू आलं नसतं. पत्र वेगळ्यासाठी आहे. परवा मी त्या दोन खोल्या बघायला गेले आणि सवयीने टाच आपटली. सगळीच्या सगळी पोकळ. लाद्या सुटल्यात, खाली उंदरांनी बिळं केलीत. भांडारवाले काका कपाळाला हात लावून म्हणाले, फरशीवाला आणायचा कुठून, या भागातला जो कुणी हाताने बरा असतो तो किनाऱ्याकडे पळतो, तुम्हा डॉक्टरांसारखाच. मी म्हटलं, एक आहे माझ्या माहितीतला, पण तो आधी फार प्रश्न विचारतो. ते म्हणाले, विचारू दे, येऊ तर दे. तो माझा बाप आहे हे मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. काम बघून ठेवतील तर ठेवतील. तर तुमच्या प्रश्नांची उत्तरं अशी. राहायची सोय, माझं क्वार्टर. खिडकी एकच, आणि टाकीवर कावळा. पाणी त्याच टाकीचं, गोड आहे, मी रोज पिते. लादी फुटली तर रुग्णालय भरून देईल, हे मी काकांकडून वदवून घेतलंय. दोन खोल्या झाल्या की वॉर्डाची पडवी आहे, मग बाळंतिणींची खोली, तिथे कोपरे गोल घ्यायचेत आणि इथे ते कुणाला येत नाही. मी रोज संध्याकाळी घरी असेन असं वचन देत नाही. पण रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी नक्की असेन, आणि गुडघे बघितल्याशिवाय तुम्हाला कामावर सोडणार नाही. तिकडच्या मालकिणीला सांगा, मुलगी आली नाही, बापच तिच्याकडे निघाला. या बाबा. येताना पिशवीत तिकडची एखादी उरलेली लादी आणा, क्वार्टरच्या स्वयंपाकघराचा कोपरा रिकामा आहे. आणि रोज किती, ते तुम्ही अजून विचारलं नाहीत, म्हणून मीही ते सगळ्यात शेवटी सांगते. कमी आहे.

तुमचीच,
डॉक्टरीणबाई